लशीच्या बाबतीत शितावरून भाताची परीक्षा चालते का?

उंबरठा
'सगळ्या चाचण्या झाल्या आहेत, निर्धास्त राहा' असं लशीबद्दल नेहमी सांगितलं जातं. चाचण्या कुणी केल्या, कशाच्या केल्या, किती केल्या, हे मात्र कुणी सांगत नाही. माझे प्रश्न साधे आहेत. माणसांवर चाचणी झाली ती लस आणि मला टोचली जाणारी लस एकच, हे कशावरून? कारखान्यातून लाखो कुप्या बाहेर पडतात, प्रत्येक तर कुणी उघडून बघत नसणार. मग शितावरून भाताची परीक्षा, एवढ्याच भरवशावर हे चालतं का? आणि इतकं सगळं करूनही मध्येच एखादी लस मागे घेतल्याची बातमी येते, ती कशी?

या क्षेत्रातलं कुणी असेल तर जरूर लिहा. 'सगळे एकमेकांना सामील' छापाचे प्रतिसाद नकोत.

शंकेखोर
तसा प्रतिसाद देणार नव्हतो, पण मूळ मुद्दा तोच आहे ना? बनवते कंपनी, तपासते कंपनी, विकते कंपनी. सरकारकडे जातात ते कागद. असो, वाचतोय.

पिपेट
लस बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात बरीच वर्षं काम करते आहे. नाव विचारू नका.

तुमच्या पहिल्या प्रश्नातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात. माणसांवरच्या चाचण्यांमधून 'ही लस' चालते का, ते ठरतं. ते एकदा ठरलं की पुढची वीस-तीस वर्षं प्रत्येक बॅचबद्दल 'ही बॅच तीच लस आहे का', एवढंच बघायचं असतं. आमचं काम हे दुसरं.

दोन्हींमधला दुवा म्हणजे कन्सिस्टन्सी लॉट. परवाना मागताना एक बॅच चांगली निघाली, याला काही किंमत नसते. त्याच पद्धतीने लागोपाठ बनवलेल्या तीन बॅचेस सारख्याच उतरल्या, हे दाखवावं लागतं. अनेकदा या तीन बॅचेस स्वयंसेवकांच्या तीन गटांना देऊन तयार झालेल्या प्रतिपिंडांचीही तुलना करतात.

मग रोजची बॅच. ओळख, म्हणजे कुपीत खरोखर तेच आहे ना. निर्जंतुकता, म्हणजे नमुना दोन वेगळ्या माध्यमांत दोन वेगळ्या तापमानांना १४ दिवस ठेवायचा आणि काहीही उगवता कामा नये. एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष. उरलेलं फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅल्युमिनियम किती, सामू, सुकवलेल्या लशीत ओलावा किती, डोळ्यांना दिसणारे कण. सगळ्यात वेळखाऊ पोटन्सी, म्हणजे लशीची ताकद. गोवराच्या लशीच्या एका डोसमध्ये किमान १००० जिवंत विषाणू-एकके हवीत. शिवाय तीच लस ३७ अंशांवर सात दिवस ठेवून पुन्हा मोजायची. ताकद दहापटीपेक्षा जास्त घसरली नाही आणि हजाराच्या खालीही गेली नाही, तरच बॅच पुढे. रेबीजच्या लशीत डोसमागे किमान २.५ आंतरराष्ट्रीय एकके लागतात आणि ती मोजायची जुनी पद्धत उंदरांवरची आहे. उंदीर काही आकडे पाठ करून येत नाहीत. एकाच नमुन्याचे दोन आठवड्यांतले निकाल इतके वेगळे येतात की डोकं धरून बसावं लागतं. म्हणून दर वेळी शेजारी संदर्भ लस ठेवतात आणि आपली लस तिच्या तुलनेत किती, ते काढतात.

एकूण उत्पादनाच्या वेळेतला ७० टक्क्यांपर्यंत वेळ तपासण्यांत जातो असं उत्पादक सांगतात. आमच्या इथलं चित्र बघता मला ते पटतं.

रानवारा
माहितीपूर्ण! पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

आकडेमोड
उंबरठा यांच्या शितावर येतो, कारण खरी गोम तिथे आहे. भाताचं शीत चालतं, कारण सगळं भांडं एकाच आचेवर असतं. लशीची ताकद, सामू, अ‍ॅल्युमिनियम यांचंही तसंच: मोठ्या टाकीतला द्रव नीट ढवळलेला असेल तर चार कुप्या सगळ्या टाकीची साक्ष देतात. जंतुसंसर्ग मात्र एकेका कुपीत होतो. भरताना एका बुचापाशी गडबड झाली तर तीच एक कुपी बिघडते.

निर्जंतुकतेच्या चाचणीसाठी मोठ्या बॅचमधून साधारण २० कुप्या घेतात. समजा बॅचमधल्या १ टक्का कुप्या दूषित आहेत. वीसच्या वीस चांगल्या निघण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. शंभरात एक कुपी खराब असलेली बॅच पाचांतल्या चार वेळा आरामात पास होईल. हजारात एक खराब असेल तर ती सापडण्याची शक्यता फक्त २ टक्के.

पिपेट यांनी खुलासा करावा. आम्ही तोवर घाबरून घेतो.

रानवारा
बाप रे. मग ही चाचणी करताच कशाला? १४ दिवस फुकट?

पिपेट
आकडेमोड यांचं गणित बिनचूक आहे आणि आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलांना हेच गणित आधी शिकवतात. निर्जंतुकतेची चाचणी पास झाली म्हणून बॅच निर्जंतुक ठरत नाही. ती नापास झाली तर मात्र काहीतरी भयंकर घडलंय हे नक्की. तिचा उपयोग तेवढाच.

खरा भरवसा भरण्याच्या प्रक्रियेवर असतो. ती तपासण्याची एक पद्धत मला फार आवडते: मीडिया फिल. लशीऐवजी जंतूंना वाढायला आवडेल असं द्रव घ्यायचं आणि नेहमीच्याच यंत्रावर, नेहमीच्याच माणसांनी, नेहमीच्याच वेगाने हजारो कुप्या भरायच्या. मध्ये मुद्दाम यंत्र थांबवायचं, पाळी बदलायची, नेहमी होतात ते सगळे खोळंबे करायचे. मग एकूण एक कुप्या उबवून बघायच्या. इथे वीसचा नमुना नाही, सगळ्याच्या सगळ्या. एक जरी गढूळ झाली तरी चौकशी बसते. हे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमवाल्या लशी किंवा गोवराची लस शेवटी जंतू अडवणाऱ्या गाळणीतून काढता येत नाही, गाळणीत लसच अडकेल. तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत जंतू शिरूच द्यायचा नाही, एवढा एकच मार्ग उरतो.

मूळ विषाणूचंही तसंच. विषाणू पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेला की तो बदलतो. पीतज्वराच्या १७डी लशीत हे १९४० च्या सुमारास ब्राझीलमध्ये दिसलं: वेगवेगळ्या हातांत वाढवलेले उपप्रकार वेगवेगळे वागू लागले, काहींमुळे मेंदूदाह झाला, काहींनी प्रतिकारशक्तीच नीट दिली नाही. त्यातून सीड लॉटची पद्धत आली. एक मास्टर सीड गोठवून ठेवायचं, त्यापासून वर्किंग सीड आणि त्यापासून लस. प्रत्येक बॅच मूळ विषाणूपासून ठरावीक पिढ्यांच्या आतच असली पाहिजे. सर्वसामान्यांच्या कानावर हे कधी येत नाही, पण माझ्या मते लशींच्या गुणवत्तेतली सगळ्यात मोठी सुधारणा हीच.

शंकेखोर
छान. पण हे सगळं शेवटी कंपनीच्या भिंतीआडच. १९५५ ची कटरची भानगड तुम्हाला माहीत असेलच.

पिपेट
माहीत आहे. आमच्या धंद्यात ती माहीत नसलेला माणूस नसावा. इतरांसाठी जरा सविस्तर लिहिते.

साल्क यांची पोलिओची लस म्हणजे फॉर्मल्डिहाइडने मारलेला विषाणू. १९५४ साली अमेरिकेत जवळपास १८ लाख मुलांचा समावेश असलेली प्रचंड चाचणी झाली. निकाल १२ एप्रिल १९५५ ला जाहीर झाला आणि त्याच दिवशी परवाने मिळाले. दोन आठवड्यांच्या आत लस घेतलेल्या मुलांना लकवा झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि लकव्याची सुरुवात सुई टोचलेल्या हातापासून होत होती. बहुतेक मुलांना कटर लॅबोरेटरीज या कंपनीची लस दिलेली होती. तिच्या काही बॅचेसमध्ये जिवंत विषाणू राहिला होता. सुमारे ४०,००० मुलांना सौम्य पोलिओ झाला, जवळपास २०० जणांना लकवा झाला आणि १० जण दगावले.

कारण समजून घेण्यासारखं आहे. फॉर्मल्डिहाइडमध्ये विषाणू किती वेगाने मरतो याचा आलेख सरळ रेषेत उतरतो, असं धरलं होतं. म्हणजे अमुक दिवसांनी एकही उरणार नाही, हे हिशोबाने सांगता येईल. पण द्रवात पेशींचा गाळ राहिला असेल तर विषाणू त्यात दडून बसतो, औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि रेषा शेवटी आडवी होते. सुरक्षिततेच्या चाचणीत नमुना लहान होता, त्यात हे थोडेसे जिवंत विषाणू सापडलेच नाहीत. म्हणजे आकडेमोड यांचंच गणित. नंतर प्रक्रियेच्या मध्येच पुन्हा गाळणं सक्तीचं झालं आणि नमुने मोठे झाले.

शंकेखोर
तुम्ही खरा मुद्दा टाळलात असं म्हणणार नाही, पण तो राहिला. कंपनीला आधीच्या काही बॅचेसमध्ये जिवंत विषाणू सापडला होता. त्या बाजूला टाकल्या आणि पास झालेल्या विकल्या. सरकारला नापास बॅचेस कळवायची सक्तीच नव्हती. मोठ्या चाचणीच्या वेळी लागोपाठच्या अनेक बॅचेस पास व्हायला हव्यात अशी अट होती, परवान्यानंतर तीही गेली. हे भिंतीआडचं नाही तर काय?

पिपेट
टाळला नाही, त्याच्याकडेच येत होते. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पास झालेल्या बॅचपेक्षा नापास झालेली बॅच जास्त बोलते. दहातल्या तीन नापास होत असतील तर उरलेल्या सात 'पास' नसतात, त्या वाचलेल्या असतात.

आज हे असं आहे: प्रत्येक बॅचचं रेकॉर्ड, ठरल्यापेक्षा काहीही वेगळं घडलं की डेव्हिएशन, निकाल मर्यादेबाहेर गेला की ओओएस. ओओएस आला म्हणून 'पुन्हा एकदा करून बघू' असं म्हणता येत नाही. आधी कारण शोधायचं, लिहायचं, मग पुढचं. निकाल मर्यादेच्या आत असले तरी सलग बॅचेसमध्ये हळूहळू एकाच बाजूला सरकत असतील तरी विचारणा होते. तपासनीस येतात तेव्हा चांगल्या बॅचेसच्या फायलींना हातही लावत नाहीत. पहिलं वाक्य ठरलेलं: नाकारलेल्या बॅचेसची यादी द्या.

आणि हो, कंपनीने पास केलेली बॅच लगेच बाहेर पडत नाही. लशींना बहुतेक देशांत लॉट रिलीज, म्हणजे प्रत्येक बॅचला वेगळी सरकारी मंजुरी लागते, साध्या गोळ्यांना सहसा ते लागत नाही. भारतात कसौलीची सेंट्रल ड्रग्ज लॅबोरेटरी, जर्मनीत पॉल एर्लिश इन्स्टिट्यूट अशा सरकारी प्रयोगशाळा बॅचचा सारांश-अहवाल तपासतात आणि नमुन्यांवर निवडक चाचण्या स्वतः करतात. निवडक म्हणते आहे, सगळ्या नाही. काही देशांत फक्त कागद तपासून काम चालतं. 'सरकारकडे जातात ते कागद' हे तुमचं वाक्य तिथे अगदीच चुकीचं नाही. मला स्वतःला ही व्यवस्था पुरेशी वाटते, पण ती बघणारी माणसं हुशार आणि जरा खडूस असली तरच.

शंकेखोर
खडूसपणाबद्दल +१. हे उत्तर चालेल.

रानवारा
अवांतर: ते एंडोटॉक्सिन खेकड्याच्या निळ्या रक्ताने तपासतात हे खरं की ढकलपत्रातलं?

पिपेट
खरं आहे. हॉर्सशू क्रॅब, अर्थात तो खेकडा नाही, नात्याने कोळ्याच्या जवळचा. त्याच्या रक्तातल्या पेशींचा अर्क जिवाणूंच्या विषाचा अंशही लागला तरी गोठतो. त्याआधी सशांना टोचून त्यांचं तापमान मोजत बसायचे. आता तेच प्रथिन प्रयोगशाळेत बनवता येतं आणि हळूहळू तिकडे वळणं चालू आहे. उंदीर आणि गिनीपिग यांना टोचून 'काही होतंय का बघू' अशी एक जुनी सर्वसाधारण चाचणी होती, ती बंद करावी असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये सुचवलं. बरं झालं. तिच्यातून काही कळत नव्हतं.

सदाफुली
लसीकरणाच्या कामातून निवृत्त झाले आहे. तुम्ही सगळे कुपी कारखान्यातून बाहेर पडेपर्यंतच थांबलात. अर्धी गोष्ट पुढे आहे.

१९२८ साली ऑस्ट्रेलियात बंडाबर्गला घटसर्पाच्या लशीची एक मोठी कुपी अनेक मुलांसाठी वापरली. तीत जंतूंची वाढ रोखणारं द्रव्य नव्हतं. पहिल्या दिवशी मुलांना काही झालं नाही. त्याच कुपीत पुन्हा पुन्हा सुई गेली, काही दिवसांत आत जंतू वाढले, आणि शेवटच्या खेपेला टोचलेल्या २१ मुलांपैकी १२ दगावली. बहुडोस कुप्यांत प्रिझर्वेटिव्ह घालण्याचा नियम अशा घटनांतून आला. आता तसल्या कुप्या उघडल्यावर, अटी पाळल्या तर, २८ दिवस चालतात. गोवराच्या लशीत प्रिझर्वेटिव्ह नसतं, ती पाण्यात कालवल्यावर सहा तासांत टाकून द्यायची. उरलेले डोस बघून जीव हळहळतो, तरी टाकायचीच.

सीरियात २०१४ मध्ये गोवराची लस कालवताना विद्रावकाऐवजी स्नायू शिथिल करणारं औषध वापरलं गेलं आणि सुमारे १५ बालकं गेली. लशीत काडीचाही दोष नव्हता. कुठली क्यूसी हे पकडणार?

उष्णतेसाठी कुपीवर व्हीव्हीएम असतो, वर्तुळातला चौकोन. उष्णता साठत जाईल तसा चौकोन काळवंडतो, वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. १९९६ पासून पोलिओच्या कुप्यांवर आला, मग इतरांवर. लोकांना उन्हाची भीती वाटते, पण धनुर्वात, कावीळ-ब अशा लशी गोठल्यानेही बिघडतात आणि व्हीव्हीएमला ते कळत नाही. तिथे शेक टेस्ट: एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित कुपी आणि ती एकत्र हलवून शेजारी ठेवायच्या. दोन्हींत गाळ सारख्याच वेगाने खाली बसला तर संशयित कुपी फेकायची. कसलंही यंत्र लागत नाही.

आकडेमोड
सदाफुली ताई, झकास. शेक टेस्ट माहीत नव्हती.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. आता तिसरा प्रश्न. माणसांवरच्या चाचण्या इतक्या कडक असतील तर नंतर लस मागे का घ्यावी लागते? आणि कोविडची लस वर्षभरात कशी झाली, जी एरवी दहा वर्षं घेते?

आकडेमोड
दुसऱ्या प्रश्नापासून. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचं घड्याळ महिन्यांवर चालत नाही, रुग्णांच्या संख्येवर चालतं. फायझरच्या चाचणीत सुमारे ४४,००० लोक होते. अर्ध्यांना लस, अर्ध्यांना खोटी सुई, आणि कुणाला काय दिलं ते ना त्यांना ठाऊक ना डॉक्टरांना. मग वाट बघायची. १७० जणांना कोविड झाला: १६२ खोट्या सुईच्या गटात, ८ लशीच्या गटात. ८ भागिले १६२ म्हणजे ५ टक्के, म्हणून परिणामकारकता ९५ टक्के. साथ जोरात होती म्हणून १७० रुग्ण काही महिन्यांत जमले. साथ ओसरलेली असती तर तेच जमायला वर्षं लागली असती. याशिवाय टप्पे एकमेकांवर चढवले आणि निकालाआधीच उत्पादन सुरू केलं. फसलं असतं तर पैसे बुडाले असते. सुरक्षिततेसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, निम्म्या लोकांचा तरी शेवटच्या डोसनंतर दोन महिने पाठपुरावा मागितला होता. लशींचे आजवरचे बहुतेक दुष्परिणाम पहिल्या सहा आठवड्यांत दिसलेले आहेत, त्यावरून ही मुदत.

आता मागे घेण्याबद्दल. ठोकताळा असा: 'न' माणसांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही तर त्याचं खरं प्रमाण ३ भागिले 'न' इतकं असू शकतं. १०,००० मुलांत शून्य दिसलं तरी दहा हजारांत तीनची शक्यता शिल्लक राहते.

रोटाशील्ड या रोटाव्हायरसच्या जुलाबांवरच्या लशीचं तेच झालं. १९९८ मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला. त्याआधीच्या चाचण्यांत आतड्यात आतडं अडकण्याचे ५ प्रकार लस घेतलेल्या सुमारे १०,००० बाळांत आणि १ प्रकार न घेतलेल्या सुमारे ४,६०० बाळांत दिसला होता. फरक योगायोगाचा असू शकेल इतका लहान. लाखो बाळांना लस दिल्यावर चित्र स्पष्ट झालं, दहा हजारांत साधारण एक. १९९९ मध्ये लस मागे घेतली. पुढच्या दोन रोटाव्हायरस लशींना म्हणून प्रत्येकी ६०,००० हून अधिक बाळांवर चाचणी करावी लागली.

शंकेखोर
म्हणजे खूण आधीच दिसली होती आणि तरी परवाना दिला.

आकडेमोड
दिसली होती आणि पत्रकात लिहिलीही होती. ५ विरुद्ध १ वर सगळं थांबवायचं तर जगात एकही लस येणार नाही.

सदाफुली
मला वेगळीच खंत आहे. तेव्हा रोटाव्हायरसच्या जुलाबांनी दरवर्षी लाखो बालकं मरत होती, बहुतेक गरीब देशांत. अमेरिकेत या आजाराने फार थोडी मुलं दगावत, तिथे दहा हजारांत एकाचा धोका न परवडणं समजू शकतं. पण तिथे नाकारलेली लस गरीब देशांनी घ्यायची तरी कोणत्या तोंडाने? पुढच्या लशी यायला काही वर्षं गेली. त्या वर्षांत गेलेल्या मुलांचा हिशोब कुठल्याच अहवालात येत नाही.

शंकेखोर
यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण जिथे धोका माहीत आहे तिथे पालकांना तो आकड्यांत सांगा, निर्णय त्यांना घेऊ दे. 'निर्धास्त राहा' म्हणू नका.

रानवारा
प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला)

उंबरठा
शेवटचं विचारतो. लसीकरणाच्या कार्डावर बॅच नंबर लिहितात, त्याचा नंतर खरंच कुणाला उपयोग होतो का?

पिपेट
होतो. तक्रार आली की पहिला प्रश्न तोच. एकाच बॅचची माणसं वेगवेगळ्या ठिकाणी आजारी पडली असतील तर संशय आमच्यावर, म्हणजे उत्पादनावर. बॅचेस वेगवेगळ्या पण केंद्र एकच असेल तर सदाफुली ताई सांगतात तसा हाताळणीतला घोळ. बॅच वेगळी, केंद्र वेगळं, तरी तेच लक्षण नेहमीपेक्षा जास्त दिसत असेल तर लशीचाच गुणधर्म, आणि नेहमीइतकंच असेल तर बहुधा योगायोग. प्रत्येक बॅचच्या काही कुप्या आम्ही मुदत संपून गेल्यानंतरही जपून ठेवतो. चौकशी लागली की त्या काढून पुन्हा तपासतात.

शंकेखोर
आणि कार्डावर नंबर लिहिलाच नसेल तर?

पिपेट
कुपीच्या लेबलवर असतो. तिथेच मागून लिहून घ्या, नंतर शोधणं अवघड जातं.